पोर्तुगीज भाषा घरबसल्या शिकताना : व्यापारी व कारागिरांसाठी कामाच्या गोष्टी

परदेशी व्यवहार म्हटला की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे दुबई, मस्कत, जेद्दा ही नावे येतात. तिथे थोडी अरबी, थोडी उर्दू, थोडी इंग्रजी यांवर काम भागते. पण काजू, तूर, कापड, चामड्याच्या वस्तू यांचा व्यवहार करताना कधी मोझांबिक, कधी ब्राझील, कधी गिनी-बिसाऊ अशी नावे पुढे येतात. या देशांचे कागद पोर्तुगीजमध्ये असतात. कागद आला की तो दलालाकडे जातो, दलाल सांगेल तो त्याचा अर्थ आणि तो बोलेल तो भाव. कागद ज्याला वाचता येतो त्याच्याच हातात भाव राहतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पूर्वी ही भाषा शिकायची तर गोव्याला जाऊन राहावे लागे किंवा महागडा शिक्षक ठेवावा लागे. आज मोबाइलवर यूट्यूब उघडले की पोर्तुगीज शिकवणारी कितीतरी चॅनल फुकट दिसतात. आमचे म्हणणे एवढेच की, या चॅनलांचा उपयोग नीट केला तर साधारण वर्षभरात आपला माणूस स्वतःचे पत्र, स्वतःचे बिल आणि स्वतःचा भाव स्वतः वाचू शकेल. मात्र त्यासाठी काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात.

ही भाषा कुठे चालते?

पोर्तुगीज बोलणारे लोक जगात २५ कोटींहून अधिक आहेत. त्यांतले बहुसंख्य ब्राझीलमध्ये राहतात. पोर्तुगालखेरीज आफ्रिकेत मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साओ टोमे आणि आशियात पूर्व तिमोर इथे ही राजभाषा आहे.

आपल्या दृष्टीने मोझांबिक महत्त्वाचा. २०१६ साली भारत सरकारने या देशाशी तूर व इतर कडधान्यांच्या आयातीचा करार केला. तिथला कच्चा काजूही भारतातील कारखान्यांत येतो. तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीत छापील सुती कापड 'कापुलाना' म्हणून ओळखले जाते आणि त्यातले बरेचसे भारतातून जाते. देशाच्या उत्तर किनाऱ्यावर मुसलमानांची मोठी वस्ती आहे. मापुतो शहरात गुजराती मूळ असलेले मुस्लिम व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवीत आले आहेत. गिनी-बिसाऊत काजू हेच मुख्य निर्यातीचे पीक असून त्याचा मोठा ग्राहक भारत आहे. ब्राझील तर हलाल कोंबडीच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे.

आधी बाजार ठरवा, मग चॅनल निवडा

बहुतेक लोक इथेच चुकतात. दिसेल ते चॅनल लावतात आणि महिन्याभराने गोंधळून सोडून देतात. पोर्तुगीजची दोन मुख्य वळणे आहेत, एक ब्राझीलचे आणि एक पोर्तुगालचे. लिहिलेले बरेचसे सारखे असते, पण उच्चार, रोजचे शब्द आणि बोलण्याची अदब यांत फरक पडतो. मोझांबिक, अंगोला आणि गिनी-बिसाऊ यांचे वळण पोर्तुगालकडचे आहे.

तेव्हा ज्याचा व्यवहार आफ्रिकेशी किंवा लिस्बनशी असेल त्याने पोर्तुगालचे वळण शिकवणारी 'प्रॅक्टिस पोर्तुगीज' किंवा 'पोर्तुगीज विथ लिओ' यांसारखी चॅनल पाहावीत. ज्याचा माल साओ पावलोला जाणार असेल त्याने 'स्पीकिंग ब्राझिलियन' सारखे चॅनल धरावे. पहिले सहा महिने दोन्ही वळणे एकत्र करू नयेत. चॅनल कोणते आहे हे कळत नसेल तर एक सोपी खूण आहे. 'बों दिया' म्हणजे सुप्रभात. हे शब्द शिक्षक 'बों जिया' असे उच्चारत असेल तर तो बहुधा ब्राझीलचा समजावा.

या चॅनलांवर समजावून सांगण्याची भाषा बहुधा इंग्रजी असते. दहावीपर्यंतचे इंग्रजी असेल तर पुरते. ज्यांना तेही जड जाते त्यांनी घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे. दोघांचाही फायदा होतो.

उच्चार : आपल्याला सोपे, इतरांना अवघड

पोर्तुगीजमध्ये नाकातून काढायचे स्वर फार आहेत. इंग्रज-अमेरिकन माणसाची त्यात दमछाक होते. उर्दूतील नून-गुन्ना ज्यांच्या कानावर आहे, 'माँ' आणि 'हाँ' जे सहज म्हणतात, त्यांना हे स्वर चार दिवसांत जमतात. कोकणी बोली घरात असेल तर आणखी सोपे.

शब्दाच्या सुरुवातीचा 'र' ब्राझीलमध्ये जवळजवळ 'ह' होतो. रिओ शहराला तिथले लोक 'हिऊ' म्हणतात. लिस्बनकडे हाच 'र' घशातून काढतात. ज्यांनी मदरशात 'गैन' या अक्षराचा मखरज शिकला आहे त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. पोर्तुगालचे लोक शब्दातले स्वर गिळतात आणि शेवटचा 'स' बहुधा 'श' करतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांचे बोलणे फार वेगवान वाटते. यूट्यूबवर व्हिडिओची गती पाऊण पट करण्याची सोय आहे. पहिले दोन महिने ती वापरण्यात कमीपणा मानू नये.

अर्धे शब्द आपल्या घरातलेच

पोर्तुगालवर मुसलमानांची राजवट होती ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. इ.स. ७११ मध्ये अरब व बर्बर फौजा त्या भूमीवर आल्या. लिस्बन त्यांच्या हातून ११४७ मध्ये गेले आणि दक्षिणेकडचा शेवटचा भाग १२४९ मध्ये. त्या भागाला आजही 'आल्गार्व' म्हणतात, म्हणजे अरबी 'अल-गर्ब', पश्चिम. राज्य गेले तरी बाजाराचे शब्द मागे राहिले. पाहा :

साखर म्हणजे 'असूकार' (अस-सुक्कर). तांदूळ म्हणजे 'अर्रोझ' (अर-रुज्ज). कापूस 'आल्गोदांव' (अल-कुत्न). गोदाम 'आर्माझें' (अल-मखजन). जकात कार्यालय, म्हणजे आजचे कस्टम्स, 'आल्फांदेगा'. हा शब्द अरबी 'अल-फुन्दुक'पासून आला, म्हणजे व्यापारी जिथे उतरत ती सराई. दरपत्रक 'तारीफा'. व्यवसायाचा परवाना 'आल्वारा'. शिंपी 'आल्फायात', म्हणजे सरळसरळ अल-खय्यात. सांडशी-पक्कड 'आलिकात'. ब्राझीलमध्ये खाटिकाच्या दुकानाला 'असोग' म्हणतात, तो अस-सूक, बाजार. आपण 'फलाणा माणूस' म्हणतो तसे पोर्तुगीज माणूस 'फुलानो' म्हणतो. आणि 'असे होवो' या अर्थाचा 'ओशाला' हा उद्गार आपल्या इन्शाअल्लाहच्या घराण्यातला आहे.

वारांची नावेही पाहण्यासारखी आहेत. सोमवार म्हणजे 'सेगुंदा', दुसरा. मंगळवार 'तेर्सा', तिसरा. अरबीतही सोमवार 'इस्नैन' म्हणजे दुसरा आणि मंगळवार 'सुलासा' म्हणजे तिसरा. दोन्ही भाषा रविवारपासून मोजतात. जुम्मा पोर्तुगीजमध्ये 'सेश्ता', म्हणजे सहावा. कागदावर '२री' असे लिहिलेले दिसले तर तो सोमवार समजावा. तारीख २ असा अर्थ करून घेऊ नये.

उलट बाजूने पोर्तुगीज शब्द मराठीत आले आहेत. लिलाव, चावी, परात, घमेले, फीत, पाव, बटाटा, अननस हे सर्व तिकडचे. कारागिराला आपण मिस्त्री म्हणतो तो 'मेश्त्र', म्हणजे उस्ताद. पगार म्हणजे त्यांच्या भाषेत 'पैसे चुकते करणे', आणि 'पागामेंतो' म्हणजे पैसे चुकवण्याची क्रिया. तेव्हा नवी भाषा म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

ओळखीचा शब्द दगा देतो तेव्हा

पण याच ओळखीत धोका आहे. काजूचेच घ्या. 'काजू' हा शब्द पोर्तुगीजमधूनच आपल्याकडे आला, पण तिकडे 'काजू' म्हणजे मुख्यतः झाडाचे बोंड. आपण ज्याला काजू म्हणतो त्या बीला 'काश्तान्या द काजू' म्हणावे लागते. कच्ची, सालासकट बी 'काश्तान्या एं ब्रूतो' आणि सोललेला गर 'आमेंदुआ'. हाच 'आमेंदुआ' शब्द एरवी बदामाला वापरतात. नुसते 'काश्तान्या' म्हटले तर पोर्तुगालमध्ये चेस्टनट हे वेगळेच फळ समजतील. तुरीला मोझांबिकमध्ये 'फेइजांव बोएर' आणि ब्राझीलमध्ये 'फेइजांव ग्वांदू' म्हणतात. चॅनलवर हे शब्द बहुधा मिळणार नाहीत. ते आपले आपण जमवावे लागतात.

कपड्याच्या धंद्यातल्यांनी तर विशेष जपावे. पोर्तुगालमध्ये 'फातो' म्हणजे पुरुषाचा सूट, ब्राझीलमध्ये सुटाला 'तेर्नो' म्हणतात आणि 'फातो' म्हणजे घडलेली गोष्ट. 'कामिझोला' पोर्तुगालमध्ये स्वेटर किंवा जर्सी, तर ब्राझीलमध्ये बायकांचा रात्री घालायचा झगा. ऑर्डरमध्ये हा शब्द असेल तर नमुन्याचा फोटो मागवल्याशिवाय कात्री लावू नये.

'प्रोपीना' हा शब्द पोर्तुगालमध्ये कॉलेजची फी, ब्राझीलमध्ये लाच. ब्राझीलच्या ग्राहकाशी बोलताना हा शब्द तोंडून गेला तर काय होईल हे सांगणे नलगे.

आकडे : इथे पैसे बुडतात

चॅनलवाले एक ते शंभर शिकवतात आणि पुढे जातात. व्यापाऱ्याला तेवढ्याने भागत नाही. पोर्तुगीज कागदावर हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम. आपल्या उलट. म्हणजे १.५०० लिहिले असेल तर दीड हजार, आणि १,५०० किलो लिहिले असेल तर दीड किलो. भावपत्रक वाचताना ही एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

मोठ्या आकड्यांतही दोन वळणे आहेत. ब्राझीलमध्ये 'बिल्यांव' म्हणजे शंभर कोटी. पोर्तुगालमध्ये शंभर कोटींना 'मिल मिल्योंइश' म्हणतात आणि तिथला 'बिल्यांव' म्हणजे एक लाख कोटी. सोळा पोर्तुगालमध्ये 'देझासेइश', ब्राझीलमध्ये 'देझेसेइस'. ब्राझीलचा माणूस फोन नंबर सांगताना सहाला बहुधा 'मेइया' म्हणतो. 'मेइया' म्हणजे अर्धा, म्हणजे अर्धा डझन. हे ठाऊक नसेल तर नंबर कधीच लागणार नाही.

व्याज, मुदत आणि बिल

आपल्या वाचकांना एक शब्द सर्वांत आधी शिकावा असे आम्ही सुचवतो. तो शब्द 'झूरोश', म्हणजे व्याज. करारात 'झूरोश द मोरा' असे दिसले तर पैसे उशिरा दिल्यास व्याज लागेल असे ते कलम आहे. 'सें झूरोश' म्हणजे बिनव्याजी. 'मुल्ता' म्हणजे दंड. ज्याला आपली रोजी हलाल राखायची आहे त्याने हे शब्द कागदावर स्वतः ओळखले पाहिजेत. सही केल्यावर दुसऱ्याकडून कळण्यात काय अर्थ?

उधारी-रोखीचे शब्दही असेच. 'आ विश्ता' म्हणजे रोख, 'आ प्राझो' म्हणजे मुदतीवर. 'प्राझो द एंत्रेगा' म्हणजे माल पोचवण्याची मुदत. मुदत 'दियाश ऊतेइश' मध्ये असेल तर कामाचे दिवस मोजायचे, 'दियाश कोर्रीदोश' मध्ये असेल तर सलग दिवस. पंधरा कामाचे दिवस म्हणजे तीन आठवडे होतात. नमुना 'आमोश्त्रा', सूट 'देश्कोंतो', भाडे 'फ्रेत', पावती 'रेसीबो', मालाची मागणी पोर्तुगालमध्ये 'एंकोमेंदा' आणि ब्राझीलमध्ये 'पेदीदो'.

जहाजावर माल चढल्याची जी बिल्टी, तिला 'कोन्येसिमेंतो द एंबार्क' म्हणतात. 'कोन्येसिमेंतो' या शब्दाचा नेहमीचा अर्थ ज्ञान, इल्म. मोबाइलवरच्या भाषांतर यंत्राने कधी 'जहाजावर चढण्याचे ज्ञान' असे काही दाखवले तर हसून सोडू नये, ती आपल्या मालाची मालकी सांगणारी बिल्टी असू शकते. यंत्र मदतीला ठेवावे, मालक करू नये.

अदब

मराठीत तू, तुम्ही, आपण असे भेद आहेत तसे तिकडेही आहेत. ब्राझीलमध्ये 'वोसे' म्हटलेले चालते. पोर्तुगालमध्ये अनोळखी ग्राहकाला 'वोसे' म्हणणे पुष्कळांना खटकते. तिथे पुरुषाला 'उ सेन्योर' आणि बाईला 'आ सेन्योरा' म्हणावे. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादो' म्हणतो आणि स्त्री 'ओब्रिगादा'. समोर कोण आहे यावर हे अवलंबून नसते, बोलणारा कोण यावर असते. घरी बसून भरतकाम, शिवणकाम करणाऱ्या आमच्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे, कारण शिकवणारा पुरुष असेल तर ऐकून ऐकून 'ओब्रिगादो' तोंडात बसते.

अभ्यास कसा करावा?

उस्तादाच्या हाताकडे नुसते पाहून कोणी कारागीर झालेला नाही. व्हिडिओचेही तसेच. तासभर पाहिले, मजा आली, उठताना एक वाक्य येत नाही, असा अनुभव बहुतेकांना येतो. त्यावर उपाय पुढीलप्रमाणे :

१) रोज पाऊण तास ठरवावा. फजरनंतरची वेळ उत्तम, दुकान उघडण्याआधी डोके ताजे असते. रोज पाऊण तास म्हणजे वर्षाला सुमारे २७० तास होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्यांना ही भाषा चांगली येण्यासाठी सुमारे ६०० ते ७५० तास धरते. म्हणजे वर्षात आपण पंडित होणार नाही, पण दुकानाच्या कामापुरते पुढे जाऊ.

२) पाऊण तासाचे तीन भाग करावेत. पहिला भाग नवा धडा. दुसरा भाग तोच धडा थांबवत थांबवत मोठ्याने म्हणणे. तिसरा भाग वहीत लिहिणे. कालचा धडा आज पुन्हा ऐकल्याशिवाय नवा लावू नये.

३) एक चॅनल धरावे आणि त्याची सुरुवातीची मालिका क्रमाने संपवावी. दहा चॅनलांचे दहा पहिले धडे पाहून काही साधत नाही.

४) खाली उमटणारी अक्षरे आधी पोर्तुगीजमध्येच लावावीत. इंग्रजी अक्षरे लावली की कान झोपतो आणि डोळेच काम करतात.

५) आपल्या धंद्याची वेगळी वही करावी. शिंप्याने सुई, दोरा, अस्तर, माप यांचे शब्द लिहावेत. पितळकाम करणाऱ्याने 'लातांव' म्हणजे पितळ, चामड्याच्या कारागिराने 'कोउरो' म्हणजे चामडे, भरतकामवाल्याने 'बोर्दादो' म्हणजे भरतकाम इथपासून आरंभ करावा. त्या त्या शब्दाने यूट्यूबवर शोधले तर तिकडचे कारागीर आपले काम दाखवताना दिसतात. हात ओळखीचे असल्याने भाषा चटकन कळते. भाषा शिकवणाऱ्या चॅनलांपेक्षा तीन महिन्यांनंतर हेच व्हिडिओ जास्त उपयोगी पडतात.

६) चार वाक्ये पहिल्या आठवड्यातच पाठ करावीत. 'क्वांतो कुश्ता?' (किंमत किती?) 'माइश देवागार, पोर फावोर' (जरा सावकाश बोला). 'पोद रेपेतीर?' (पुन्हा सांगाल का?) आणि सर्वांत मोलाचे, 'पोद मांदार पोर एश्क्रीतो?' (लिहून पाठवाल का?). आम्ही इथे उच्चार अंदाजे दिले आहेत, ते आपल्या चॅनलवरून कानाने दुरुस्त करून घ्यावेत.

व्हिडिओने जे होत नाही

व्हिडिओ आपली चूक दुरुस्त करत नाही. म्हणून तीन-चार महिन्यांनी कोणाशी तरी बोलणे भाग आहे. कोकण व गोव्याच्या वाचकांना पणजी जवळ आहे. तिथे फुंदासांव ओरियेंत ही संस्था आहे आणि गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. घरी पाया घातलेला माणूस शिक्षकापुढे गेला की त्याची फी वाया जात नाही.

दुसरे, व्हिडिओ पाहिल्याचा दाखला कुठे चालत नाही. लिस्बनमध्ये आज आपल्या उपखंडातील पुष्कळ मुस्लिम दुकानदार व कामगार आहेत. १९८५ साली तिथे मोठी मशीद उघडली. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे की, पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी भाषा येते हे दाखवावे लागते आणि त्यासाठी लिस्बन विद्यापीठाकडून 'सिपले' नावाची ए-२ पातळीची परीक्षा घेतली जाते. ब्राझीलची परीक्षा 'सेल्पे-ब्राझ' वेगळी आहे. 'भाषेचे आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा' असे कोणी एजंट म्हणत असेल तर त्याच्यापासून दोन हात दूर राहावे.

तिसरे, करारावर सही करताना आपले पोर्तुगीज पुरेसे आहे असे समजू नये. मोठ्या रकमेच्या कागदाला जाणकार भाषांतरकार लावावाच. फरक इतकाच की, आता त्याने काय लिहिले हे आपल्याला ताडून पाहता येईल.

आणि प्रवासाला निघालेल्यांसाठी चार शब्द : 'पोर्को' डुक्कर, 'बान्या' डुकराची चरबी, 'तोउसीन्यो' व 'प्रेझुंतो' त्याच मांसाचे प्रकार. पाकिटावर हे शब्द दिसले तर वस्तू परत ठेवावी.

शेवटी

पैगंबर (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना ज्यूंची लिपी शिकण्यास सांगितले होते. येणारी-जाणारी पत्रे वाचण्यासाठी परक्यावर विसंबून राहावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. हजरत जैद यांनी ती अर्ध्या महिन्यात आत्मसात केली असे हदीसमध्ये येते. आपल्याला तेवढी तल्लख बुद्धी नसेल, पण अर्ध्या महिन्याऐवजी बारा महिने आपल्या हाती आहेत आणि उस्ताद खिशातल्या मोबाइलमध्ये बसला आहे. बाजार कोणता ते आज ठरवावे, एक वही विकत घ्यावी आणि उद्या फजरनंतर पहिला धडा लावावा. पुढच्या हंगामात मोझांबिकचे भावपत्रक आले की ते दलालाआधी आपण वाचलेले असेल, इन्शाअल्लाह.